सेफ्टीच्या नळीतलं घरटं

धुलाईघरातल्या बायकांनी त्यांना वाफाळे हे आडनाव कधी चिकटवलं, ते आता कुणालाच आठवत नव्हतं. खरं आडनाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. सव्वीस वर्षं हा माणूस एकाच बॉयलरपुढे उभा होता. त्याला लाकूड भरवत, त्याचं पाणी बघत, त्याची कुरकुर ऐकत. बायको म्हणायची, "मला बिजवराला दिलं हे लग्नानंतर कळलं. पहिली ती तिकडे धुमसतेय."

बायको त्याच धुलाईघरात, भिंतीच्या पलीकडे, इस्त्रीखात्याची मुकादम होती. शहरातल्या तीन रुग्णालयांच्या चादरी तिच्या खात्यातून जायच्या. लांबलचक तापलेले रोलर. एका बाजूने ओली चादर सरकवायची, दुसऱ्या बाजूने कोरडी ओढून घडी घालायची. बावीस बायका दिवसभर हेच करायच्या. रोलर तापायचे वाफाळ्यांच्या वाफेवर आणि ती वाफ यायची मधल्या विटांच्या भिंतीतून. त्यामुळे या नवरा-बायकोचं वाजलं की बायका आपसांत म्हणायच्या, आज रोलर गार येणार. तसं कधी झालं नाही. वाफाळे भांडण घरी ठेवून यायचे.

नियमाला मात्र ते पक्के, इतके की बघणाऱ्याला कंटाळा यावा. दर पाच मिनिटांनी काट्याकडे नजर, दर तासाला काचनळीतल्या पाण्याची नोंद, आणि दर शनिवारी दुपारी बाराच्या ठोक्याला सेफ्टीचा लिव्हर. सेफ्टी म्हणजे बॉयलरच्या डोक्यावरची झडप. आतला दाब सातच्या लाल रेघेला भिडला की ती आपोआप उघडते आणि जादा वाफ एका जाड नळीतून भिंतीबाहेर फेकते. ती उघडली नाही तर काय होतं, हे वाफाळ्यांनी तरुणपणी दुसऱ्या एका कारखान्यात जाऊन डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत. कुणी खोदून विचारलंच तर म्हणत, "तिथं एक भिंत होती. मग नव्हती."

न उघडता नुसती बसून राहिलेली झडप जागच्या जागी चिकटते. म्हणून आठवड्यातून एकदा तिला हाताने उघडायची. लिव्हर ओढला की मागच्या अंगणात अशी वाफ सुटायची की नव्या माणसाच्या हातातला चहा सांडावा. मग वाफाळे वहीत बरोबरची खूण करत, सही ठोकत आणि हात धुऊन डबा उघडत. अशा माणसाच्या हातून पुढचं सगळं एका पाखरापायी घडलं, हे सांगितलं तर कुणाला पटत नाही. मलाही आधी पटलं नव्हतं.

वर्षातून एकदा आतल्या नळ्या खरवडायला बॉयलर अकरा दिवस थंड ठेवत. त्या दिवसांत रुग्णालयांचा माल दुसरीकडे जायचा, इस्त्रीखात्यातल्या बायका खिडक्या पुसायच्या आणि वाफाळे काजळीने माखून, चिडचिडे होऊन हिंडायचे. त्या वर्षी त्यांनी सेफ्टीही उघडून, घासून, नवीन असल्यासारखी बसवली. अकरा दिवस वाफेचा आवाज नाही, धूर नाही, अंगणात माणूस नाही. एवढ्या अवधीत एका दयाळाच्या जोडीने संसार मांडला.

दयाळ फांदीवर घरटं करत नाही. त्याला भोक लागतं. झाडाची ढोली, भिंतीतली फट, फुटका दिवा, कुणी टाकून दिलेला डबा, काहीही चालतं, पण वर छप्पर आणि मागे भिंत हवी. नर काळापांढरा, ऐटबाज. तो शेपटी उभारून धुराड्याच्या टोकावर बसतो आणि उजाडायच्या आधीपासून गातो. दुसरा नर दिसला की अंगावर जातो, आणि खिडकीच्या काचेत स्वतः दिसला तर स्वतःच्याही. काड्या आणणं, घरटं रचणं, अंडी उबवणं हे मादीकडे. ती राखाडी, गुपचूप असते. तिने अंगण बघितलं, भिंत बघितली आणि सेफ्टीच्या नळीचं बाहेरचं तोंड पसंत केलं. चार इंचांची नळी, आडवी, कोरडी, मांजराचा पंजा न पोहोचणारी. तिच्या जागी मीही तीच घेतली असती.

भट्टी पेटवल्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, वाफाळ्यांची बायको मागच्या अंगणात फडकी वाळत घालायला गेली आणि परत येऊन बॉयलरच्या दारात उभी राहिली.

"अहो, तुमच्या नळीत कुणीतरी राहायला आलंय."

"कुठल्या नळीत?"

"त्या मोठ्या. जिथून शनिवारी तुमची फुसफुस निघते."

वाफाळ्यांकडे नळ्यांच्या आत बघायचा एक छोटा गोल आरसा होता, लांब दांडीवर बसवलेला. तो घेऊन ते शिडीवर चढले. मादी त्यांच्या कानाशेजारून सुटली आणि पाण्याच्या टाकीवर जाऊन शिव्या द्यायला लागली. आरशात मुळ्या, गवत आणि चादरींचा पांढरा दोरा यांची एक नीट वाटी दिसली, आणि तिच्यात चार अंडी. फिकट निळसर, वर तपकिरी ठिपके. इस्त्रीखात्याच्या झाडलोटीतला दोरा मादीने गोळा करून अंथरला होता.

"उद्या शनिवार," बायको खालून म्हणाली.

"मला माहितीय उद्या काय आहे."

"उचलून दुसरीकडे ठेवलं तर?"

"तू उठून दुसऱ्याच्या घरात जाऊन झोपशील का?"

 वाफाळे शिडीवरून उतरले, आरसा पुसला आणि जागेवर ठेवला. मनात त्यांचं ठरलेलं होतं. नियम तो नियम. पाखरं काय, दुसरी होतील. रात्री जेवताना बायकोने विषय काढला नाही, सकाळी काढला नाही. सव्वीस वर्षांत तिने त्यांच्या कामात कधी ढवळाढवळ केली नव्हती, आणि त्यांनी तिच्या. बाराला पाच मिनिटं असताना ती आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"एक आठवडा नाही ओढला तर काय होईल हो?"

हा प्रश्न तिने कुत्सितपणे विचारला असता तर वाफाळ्यांनी लिव्हर ओढला असता. तिने खरंच विचारलं. आणि वाफाळे खोटं बोलायला शिकलेले नव्हते, म्हणून त्यांनी खरं उत्तर दिलं. "काही नाही होणार. परवाच घासून बसवलीय."

"मग?"

लिव्हरवरचा हात त्यांनी खाली घेतला. वही काढली. वहीत रकाना होता आणि रकाना रिकामा राहिला की साहेब विचारणार. त्यांनी बरोबरची खूण केली आणि सही केली. सही रोजच्यासारखीच आली, याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं. डबा उघडला, पण जेवण गेलं नाही.

आता खरी पंचाईत पुढे होती. लिव्हर न ओढणं आपल्या हातात असतं, पण सेफ्टी आपणहूनही उघडते. लाकडाची भट्टी बटण दाबून विझत नाही. समजा वीज गेली किंवा रोलरचा पट्टा तुटला, तर पलीकडे वाफ घेणारं कुणी उरत नाही, इकडे भट्टी पेटलेलीच, आणि काटा चढत जातो. असं महिन्या-दोन महिन्यांतून एकदा व्हायचंच. सेफ्टी सुटायची, बायका कानांवर हात ठेवायच्या, संपलं. वाफाळे रोज पावणेसातावर बॉयलर चालवायचे, म्हणजे लाल रेघेला अगदी खेटून. त्यांनी हिशेब केला आणि सोमवारपासून काटा साडेपाचावर ठेवला. वीज गेलीच तर डॅम्पर, म्हणजे धुराड्यातली हवेची झडप, लावून, भट्टीचं दार उघडून, दीड अंकाच्या मोकळ्या जागेत आपण दाब आवरू. हिशेब चुकीचा नव्हता.

फक्त साडेपाचाच्या वाफेवर रोलर पुरेसे तापत नाहीत. चादरी दमट निघायला लागल्या. एकेक चादर दोनदा फिरवावी लागायची. बायकांचे खांदे भरून यायचे, घरी जायला उशीर व्हायचा. आणि त्यांची बोलणी खायला समोर कोण, तर मुकादम. तीही ऐकून घ्यायची. तिच्या खात्यात सगळ्यांत जुनी एक मावशी होती, तीस वर्षं रोलरवर उभी राहिलेली, बोटांची टोकं भाजून भाजून गुळगुळीत झालेली. ती एवढंच म्हणाली, "मुकादमबाई, नवऱ्याला पोटभर जेवायला घाला, वाफेत दम नाही." बायका हसल्या. मुकादमही हसली, आणि संध्याकाळी घरी येऊन भाकरी थापायला बसली.

"सांगून टाकू का त्यांना?" तिने विचारलं.

"बावीस जणींना सांगितलं म्हणजे साहेबांना सांगितलं."

"साहेब काय म्हणतील?"

"साहेब म्हणतील, काठी घ्या आणि नळी साफ करा."

हे खरं होतं, म्हणून विषय तिथेच मिटला.

दुसऱ्या शनिवारीही खूण झाली आणि सही झाली. त्यानंतरच्या सोमवारी अंडी फुटली. आता नरालाही काम लागलं. दोघं दर पाच-सात मिनिटांनी चोचीत आळ्या घेऊन नळीत शिरायची. नळीच्या कोपरापाशी, खालच्या अंगाला, एक बारीक भोक होतं. झडपेतून थोडंफार गळलेलं पाणी साचू नये, ठिबकून जावं, एवढ्यासाठी. सव्वीस वर्षं तिथून थेंब-थेंब पाणी पडायचं. त्या आठवड्यात ते थांबलं. वाफाळ्यांनी वर बघितलं, खाली कोरडी जमीन बघितली, आणि त्यांना बरं वाटलं. त्यांना वाटलं, झडप किती छान बसवली आपण, थेंब गळत नाही. शाळकरी पोरानेही विचारलं असतं की पाणी गळायचं थांबलंय की बाहेर पडायचं थांबलंय. इतकी वर्षं एकच काम करणाऱ्या माणसाला आपल्या हाताच्या कामावर जो विश्वास बसतो, त्याने त्यांचा घात केला. घरट्यातला दोरा आणि पिलांची घाण घरंगळून त्या भोकात बसली होती. पाणी आतल्या आत, झडपेच्या डोक्यावर साचत होतं.

तिसऱ्या शनिवारी साहेब आले. साहेब म्हणजे व्यवस्थापक. पुढच्या खोलीत बसत आणि बॉयलरकडे वर्षातून दोनदा फिरकत. "वाफाळे, चादरी दमट येतायत अशी तक्रार आहे रुग्णालयाची."

"लाकूड ओलं आलंय, साहेब."

"कोरडं मागवा."

"मागवलंय."

साहेब निघून गेले. लाकूड सुकं खडखडीत होतं. एक खोटं झाकायला दुसरं, तसं हे तिसरं. वाफाळ्यांना रात्री झोप लागेना. पडल्या पडल्या ते मनात झडप उघडून बघत. कुठली चकती कशावर बसलीय, स्प्रिंगचा ताण किती, पाणी कुठून येऊ शकतं. पाण्यापाशी विचार आला की ते कूस बदलत. तिथे त्यांना जायचं नव्हतं, आणि आपल्याला जायचं नाही हे त्यांना कळत होतं.

चौथ्या शनिवारी बायकोने आरसा लावून बघितलं. पिलांना पिसं फुटली होती, एकेक चोच नळीभर उघडत होती. "आता डोकवायचं नाही," ती म्हणाली. "मोठी झाली की घाबरून वेळेआधी उड्या मारतात. अजून चार-पाच दिवस. मग तुमची नळी तुम्हाला."

वाफाळ्यांनी खूण केली. या वेळी सही वाकडी आली.

मंगळवारी सकाळी दहाला साहेब बॉयलरच्या खोलीत आले आणि या वेळी गेले नाहीत. दोन रुग्णालयांचा दुप्पट माल आला होता, संध्याकाळच्या आत द्यायचा होता. त्यांनी काटा बघितला. त्यांना बॉयलरमधलं फार कळत नसलं तरी पाच आणि सात हे आकडे कळत होते.

"हे साडेपाच का?"

"लाकूड—"

"लाकूड मी बाहेर हात लावून बघितलं." साहेब शांतपणे म्हणाले. "पावणेसातावर आणा. मी इथंच उभा आहे."

वाफाळे तोंडाने काही म्हणू शकले असते. चार शनिवारांच्या खोट्या खुणा वहीत होत्या, त्या त्यांच्या जिभेवर बसल्या. त्यांनी लाकूड टाकलं, डॅम्पर उघडला. सहा. सव्वासहा. साडेसहा. भिंतीपलीकडे रोलरचा आवाज बदलला. चादरी पुन्हा एका फेरीत कोरड्या निघायला लागल्या आणि कुणीतरी मोठ्याने "आला बाई दम" असं म्हटल्याचं इकडे ऐकू आलं. पावणेसात. बाहेर नर दयाळ चोचीत आळी घेऊन भिंतीच्या खालच्या झुडपात उतरला. वाफाळ्यांनी तो खिडकीतून बघितला. निघतील साहेब अर्ध्या तासात, मग काटा उतरवू, असं ते मनाशी म्हणाले.

आणि वीज गेली.

रोलर थांबले. पंखा थांबला. पाण्याचा पंप थांबला. भट्टीत मात्र लाकूड धडधडत होतं, नुकतंच भरलेलं. वाफाळ्यांनी डॅम्पर लावला, भट्टीचं दार सताड उघडलं, लाकडांवर ओली राख ओढली. हात आपोआप चालत होते. काटा सहा पंचाऐंशीवर होता. सहा नव्वद. सात.

लाल रेघेवर काटा आला आणि सेफ्टी उघडली नाही. वाफाळ्यांना आनंद झाला.

हे त्यांनी नंतर स्वतः सांगितलं म्हणून मी लिहितोय, नाहीतर लिहायला धजलो नसतो. एक श्वास, फार तर दोन, त्यांना निखळ आनंद झाला. वाचली पिलं, असं वाटलं. आणि मग काटा सात दहावर गेला, सात वीसवर गेला. थांबलेले थेंब आठवले. ज्या विचारापाशी ते रोज रात्री कूस बदलत होते तो आता समोर उभा होता.

"साहेब, बाहेर व्हा," ते म्हणाले. साहेब हलले नाहीत, त्यांना कळलंच नव्हतं. वाफाळे भिंतीतल्या छोट्या खिडकीपाशी गेले, जिथून वाफेची नळी पलीकडे जायची, आणि ओरडले. "सगळ्या बाहेर. पुढच्या दाराने. सगळं टाका आणि बाहेर पडा."

सव्वीस वर्षांत त्यांचा चढलेला आवाज इस्त्रीखात्यात कुणी ऐकला नव्हता. बायकोने हातातली चादर सोडली आणि एकही प्रश्न न विचारता बायकांना दाराकडे लोटायला सुरुवात केली. मावशी चप्पल शोधायला वाकली तर तिने मावशीला दंडाला धरून ओढलं.

सात चाळीस. वाफाळ्यांनी लिव्हर दोन्ही हातांनी ओढला. लिव्हर हलला नाही. पाय भिंतीला लावून, सगळं अंग मागे टाकून ओढला. जरासुद्धा नाही. खालून पाणी सोडून दाब उतरवावा तर पंप बंद. आत पाणी कमी झालं तर नळ्या लाल होतील आणि मग काही विचारायलाच नको. सात साठ. साहेब आता दाराबाहेर धावले होते. काटा सावकाश चढत होता, घाई नसल्यासारखा.

"काय करू?" दारातून आवाज आला. बायको होती. बायकांना बाहेर काढून ती मागच्या बाजूने आली होती.

"तू जा."

"काय करू ते सांगा."

वाद घालायला वेळ नव्हता. "लाकडी हातोडा. कोपऱ्यात. मी ओढतो, तू झडपेच्या बुडाला मार. बुडाला, डोक्यावर नाही."

ती शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढली. वाफाळे लिव्हरला लोंबकळले. तिने मारला. ठक्क. काही नाही. पुन्हा मारला. घामाने तिच्या हातातून दांडा घसरला, तिने तो पदराने पुसला आणि तिसऱ्यांदा मारला. सात ऐंशी. आठ. त्या क्षणी वाफाळ्यांच्या मनात पिलं नव्हती, साहेब नव्हते, वही नव्हती. बायकोच्या मनगटातल्या हाडाकडे ते बघत होते आणि हिला आपण इथं उभं केलं, एवढं एकच त्यांना कळत होतं.

सहाव्या फटक्याला झडप सुटली.

अंगणात जो आवाज झाला तो शनिवारचा नव्हता. नळीतून आधी गढूळ पाणी, मग पांढरा स्फोट, आणि त्यात गवत, दोरे, मुळ्या, सगळं उडून समोरच्या कुंपणापलीकडे गेलं. वाफाळ्यांनी लिव्हर सोडला नाही. आठ. साडेसात. सात. सहा. पाच झाल्यावर त्यांचे हात सुटले आणि ते जमिनीवर बसले. बायको शिडीवरून उतरली, हातोडा जागेवर ठेवला आणि अंगणात गेली. त्यांनी मान वर केली नाही. काय दिसणार ते त्यांना ठाऊक होतं.

ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिचा चेहरा विचित्र झाला होता, हसू की रडू ते ठरलेलं नसल्यासारखा.

"झुडपात आहेत," ती म्हणाली. "चारही. शेपट्या अजून आखूड आहेत, धड उडता येत नाही. बाप भरवतोय खाली उतरून. कालच बाहेर पडली असणार."

"काल?"

"काल सकाळपासून तो झुडपात उतरत होता. मला वाटलं, आळ्या शोधतोय."

दयाळाची पिलं नीट उडायला यायच्या आधीच घरटं सोडतात आणि आईबाप त्यांना जमिनीवर, झुडपांत भरवत हिंडतात. हे त्या दोघांना माहीत नव्हतं. काल सकाळपासून ती नळी रिकामी होती. आज बावीस बायका आणि एक मुकादम ज्याच्यापायी मरणाच्या तोंडाशी उभ्या होत्या, ते एक रिकामं घरटं होतं.

बायको त्यांच्याशेजारी बसली. "सुटलो," ती म्हणाली.

"नाही," वाफाळे म्हणाले.

"मीच सांगितलं होतं तुम्हाला, नका ओढू म्हणून."

"तू पाखराबद्दल सांगितलंस. झडप मला कळते, तुला नाही."

साहेब परत आले. चेहरा पांढराफटक, पण सावरायला लागलेले. साहेबांनी परिस्थिती भराभर जुळवून टाकली: वीज गेली, दाब वाढला, वाफाळ्यांनी प्रसंगावधान राखलं, कुणाला इजा नाही. "वर कळवायची काही गरज नाही," ते म्हणाले. "उलट तुमचं कौतुक व्हायला हवं."

वाफाळ्यांनी वही उघडली. चार शनिवारांच्या चार खुणांवर एकेक रेघ मारली, प्रत्येकीपुढे 'तपासणी केली नाही' असं लिहिलं आणि सही केली. वही साहेबांच्या हातात दिली. साहेब वाचत राहिले. मग वाफाळे पुढच्या अंगणात गेले.

बायका रस्त्याच्या कडेला सावलीत उभ्या होत्या, अनवाणी, काही जणींच्या हातात अजून घड्या. काय झालं हे त्यांना धड कळलेलं नव्हतं. वाफाळ्यांनी वाचवलं, एवढं साहेबांच्या तोंडून ऐकलं होतं. एक-दोघी हात जोडायला पुढे आल्या. वाफाळ्यांनी त्यांना थांबवलं आणि सगळं सांगितलं. घरटं, लिव्हर, चार खुणा, साडेपाचाचा काटा, बंद झालेलं पाणी. लाल रेघेवर आपल्याला आनंद झाला, तेही सांगितलं. माणसं अशी गोष्ट सांगताना मधे मधे स्वतःची बाजू घालतात. त्यांनी घातली नाही.

 मग मावशी म्हणाली, "आम्हाला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"शनिवारची वाफ सुटली नाही ते. चारही वेळा. भिंत काय कान नसलेली आहे? बारा वाजले ते आम्हाला त्याच्यावरूनच कळतं." ती रागावलेली नव्हती. सांगायचं म्हणून सांगत होती. "पहिल्या शनिवारी एक पोरगी म्हणाली, जाऊन विचारायचं का. मी म्हटलं, गप काम कर. वाफाळे आहेत तिथं. आपण कशाला विचारायचं?"

वाफाळे वळले आणि उरलेले निखारे ओढायला आत गेले. 

तपासनीस आला, झडप उघडली गेली, साचलेल्या पाण्याने चढलेला गंज बघितला गेला. वाफाळ्यांचा परवाना तीन महिने काढून घेतला. साहेबांनी त्यांना घालवलं नाही. इस्त्रीखात्यात ओल्या चादरींचे गठ्ठे वाहायला लावलं, बायकोच्या हाताखाली. नव्या माणसाने भट्टी पेटवली त्या सकाळी वाफाळे पहिला गठ्ठा घेऊन रोलरपाशी उभे होते. भिंतीतून नळी तापल्याचा टकटक आवाज आला. रोलर फिरायला लागले.

मावशीने चादरीचं टोक उचललं. रोलरला लावायच्या आधी ती थांबली आणि तिने भिंतीकडे बघितलं. मग तिच्या शेजारणीने बघितलं, मग पलीकडच्या रांगेने. क्षणभराचीच गोष्ट, आणि सगळ्या कामाला लागल्या. तीस वर्षं त्या भिंतीला मावशीची पाठ असायची.

वाफाळ्यांनी गठ्ठा खाली ठेवला आणि पुढचा आणायला गेले.